चित्राखालच्या दोन ओळी

चित्राच्या खाली मजकूर लिहिण्याची पद्धत मला कधीच मानवली नाही. लहानपणी दिवाळी अंक घरी आला की प्रथम तो भिंतीशी उभा करून त्याचे मुखपृष्ठ पाहायचे, ही आमच्या घरची रीत. दीनानाथ दलालांचे चित्र असले तर वडील अंक उघडूही देत नसत. आधी डोळे भरून पाहा, मग पाने उलटा, असा त्यांचा दंडक. त्या चित्रातली स्त्री कोण, ती कोठे निघाली आहे, तिच्या हातातला दिवा कोणासाठी, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही. पुढे समीक्षेचा नाद लागला, मर्ढेकर वाचले, आणि घरातल्या या रीतीला शास्त्राचा आधार सापडला. कलाकृती स्वतःच्या पायांवर उभी असते. तिला बाहेरच्या टेकूची गरज लागली तर ती कोठेतरी लंगडी आहे असे खुशाल समजावे. हे मत मी गेली चाळीस वर्षे बोलत आणि लिहीत आलो आहे. त्यापायी दोन-चार स्नेही गमावलेही आहेत.

यंदा एका पुस्तकाने या मताला असा काही धक्का दिला, की त्याची कबुली कोठेतरी द्यावी असे वाटू लागले. पुस्तक छायाचित्रांचे आहे. त्याचा कर्ता सुभंकर बॅनर्जी. जन्माने बंगाली, बहरामपूरचा. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला. पुस्तकाचे नाव ‘आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज : सीझन्स ऑफ लाइफ अँड लँड’. ते २००३ साली निघाले, म्हणजे ते काही नवे नाही. माझी भाची सिअॅटलला असते. तिने ते तिथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतले आणि गेल्या उन्हाळ्यात येताना, ‘मामा, तुम्ही चित्रांवर बोलत असता ना, मग यावर बोला,’ असे म्हणून माझ्या हाती ठेवले. वजन चांगलेच होते. सामानात तेवढे वजन वाहून आणणाऱ्या मुलीला नाही म्हणता येत नाही.

उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश आम्हां मराठी माणसांच्या घरात पूर्वीच शिरलेला आहे. १९०३ साली पुण्यात लोकमान्यांचे ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध झाले, आणि ज्यांनी आयुष्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला अशी माणसेही ‘आपण मूळचे तिकडचे’ असे म्हणू लागली. आजचे अभ्यासक तो सिद्धांत मानीत नाहीत, हे खरे. पण त्या ग्रंथातली सहा महिन्यांची रात्र आणि लांबलेली उषा माझ्या मनात लहानपणापासून घर करून आहे. त्यामुळे बॅनर्जींचे पुस्तक उघडताना मी थोडासा मुळगावी निघाल्यासारखाच होतो.

पुस्तकातला मुलूख अलास्काच्या ईशान्य टोकाचा आहे. उत्तरेस गोठलेला समुद्र, दक्षिणेस ब्रुक्स पर्वताची रांग. १९६० साली अमेरिकेच्या सरकारने हा प्रदेश वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवला आणि १९८० साली त्याची हद्द वाढवली. आज ते राखीव क्षेत्र सुमारे १ कोटी ९० लाख एकरांचे आहे. महाराष्ट्राचा अदमासे चौथा हिस्सा होईल एवढे. मात्र १९८० च्या त्याच कायद्यात एक खुंटी मारून ठेवलेली होती. समुद्रालगतचा सुमारे १५ लाख एकरांचा सपाट पट्टा पुढच्या निर्णयासाठी बाजूला काढला होता, कारण त्याच्या पोटात तेल असावे असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज होता. कायद्यातल्या कलमाचा आकडा १००२. म्हणून त्या भूमीचे सरकारी नावच ‘टेन-ओ-टू’ पडले. तेल काढावे की काढू नये, यावर तेव्हापासून जे भांडण चालू आहे ते चाळीस वर्षे उलटून गेली तरी मिटलेले नाही.

बॅनर्जी मूळचे वैज्ञानिक. लॉस अॅलामॉसच्या प्रयोगशाळेत काम केलेले, पुढे सिअॅटलला बोइंग कंपनीत नोकरीस असलेले. ती नोकरी सोडून, साठवलेला पैसा मोडून, २००१ आणि २००२ या दोन वर्षांत मिळून चौदा महिने त्यांनी या प्रदेशात काढले. चारही ऋतूंत, म्हणजे हिवाळ्यातसुद्धा. कॅनिंग नदीच्या मुखाशी, काक्टोविक गावचे इनुपियाट वाटाडे रॉबर्ट थॉम्पसन यांच्यासह, ते अस्वलाच्या गुहेजवळ तंबू ठोकून राहिले, तेव्हा २९ दिवसांत वादळ थांबलेले दिवस होते अवघे चार. एवढ्या खटाटोपाची गरज काय, असे कोणीही विचारील. गरज होती, आणि ती एका पांढऱ्या कागदाने निर्माण केली होती.

झाले असे, की तेल काढावे या मताचे अलास्काचे एक सेनेटर फ्रँक मर्कोव्स्की यांनी सभागृहात एक कोरा पांढरा फलक उचलून धरला. वर्षातले नऊ महिने हा प्रदेश असा दिसतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे तिथल्या गृहखात्याच्या मंत्री गेल नॉर्टन यांनीही त्या पट्ट्याचे वर्णन सपाट, पांढरे, शून्यवत असेच केले. वाचकांनी या कोऱ्या फलकाकडे जरा थांबून पाहावे. तेलाच्या बाजूने त्याआधी आणि त्यानंतर हजारो पाने लिहिली गेली असतील. पण एवढे परिणामकारक चित्र दुसरे कोणी काढलेले नाही. विशेष म्हणजे ते चित्र काढायला रंगही लागला नाही आणि ब्रशही. जिथे काही नाहीच, तिथे बिघडणार काय? हा सगळा युक्तिवाद त्या एका कोऱ्या पृष्ठभागात मावला होता. मला तर टीकाकार म्हणून त्या फलकाचा हेवा वाटतो.

बॅनर्जींचे सारे पुस्तक हे या कोऱ्या फलकाला दिलेले उत्तर आहे, असे मी मानतो. उत्तर देण्याची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. त्यांनी पांढऱ्याला हिरव्याने खोडले नाही. उन्हाळ्यातली फुले, लाल झालेली झुडपे, सोनेरी उजेड हे सारे पुस्तकात आहेच. पण त्यांचे खरे बळ पांढऱ्यातच आहे. विमानातून घेतलेले एक छायाचित्र घ्या. पानभर नुसता बर्फ. त्यावर निळसर सावल्यांच्या काही रेघा, आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेली बारीक ठिपक्यांची ओळ. आमचा नातू चार वर्षांचा. त्याने पानावर बोट ठेवून ‘आजोबा, मुंग्या!’ म्हटले. मी त्याला दुरुस्त केले नाही, कारण मीही ती ओळ रेषा म्हणूनच पाहत होतो. मर्ढेकरांनी सांगितलेले संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तिन्ही प्रकार त्या एका पानावर बोटाने दाखवता येतील, असे माझ्या मनात चालले होते. शेजारी सौ. वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, “खाली काय लिहिलंय ते तर वाचा आधी.”

वाचले. ते ठिपके कॅरिबूंचे, म्हणजे रेनडिअरच्या जातीच्या हरणांचे होते. पॉर्क्युपाइन नावाच्या नदीवरून नाव पडलेल्या कळपातल्या गाभण माद्या गोठलेली कोलीन नदी ओलांडून उत्तरेकडे निघालेल्या. पुढे पर्वत, पर्वतापलीकडे समुद्रालगतचा तोच पट्टा. जूनच्या सुरुवातीस त्या तिथे विणार. समुद्रावरून येणारा वारा तिथे डासांचे मोहोळ उडवून लावतो, लांडगे आणि अस्वले डोंगराकडच्या मानाने कमी असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोवळे गवत फुटते. म्हणून शेकडो मैल चालून, पोटातले ओझे घेऊन, त्या तिकडेच जातात.

पुन्हा चित्र पाहिले. ते चित्र आता ते राहिलेच नव्हते. त्या रेषेला वजन आले होते. तिची चाल मंद झाली होती. रेषेचा जो भाग मला मघाशी नुसता डौलदार वाकलेला वाटला होता तिथे आता कोणीतरी दम खायला थांबल्यासारखे दिसत होते. सौ.ने काही न बोलता पुढची वात वळायला घेतली. मला मात्र आपण चाळीस वर्षे कोठेतरी चुकत आलो की काय, अशी शंका त्या क्षणी प्रथम चाटून गेली.

ही शंका पक्की झाली ती या पुस्तकाच्या पुढच्या हकिकतीने. १९ मार्च २००३ रोजी अमेरिकेच्या सेनेटमध्ये अंदाजपत्रकाच्या ठरावावर चर्चा होती, आणि त्या ठरावात तेलाचा प्रश्न दडवलेला होता. कॅलिफोर्नियाच्या सेनेटर बार्बरा बॉक्सर यांनी हे पुस्तक आणि त्यातले ध्रुवीय अस्वलाचे एक छायाचित्र सभागृहात दाखवले. कोऱ्या फलकाला चित्राने जबाब मिळाला. ५२ विरुद्ध ४८ मतांनी तेलाचा विषय ठरावातून वगळला गेला. मते काही एका अस्वलाने फिरवली नसतील. सभागृहात माणसे कशी मत देतात हे आपण जाणतोच. पण बॉक्सरबाईंनी आणखी एक गोष्ट केली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात या छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार होते, ते सभासदांनी जाऊन पाहावे, असे त्यांनी सुचवले.

मे महिन्यात प्रदर्शन भरले तेव्हा ते ठरलेल्या दर्शनी जागी नव्हते. तळमजल्याकडच्या एका आडबाजूच्या जागी गेले होते. आणि चित्रांखालचा मजकूर कापलेला होता. मजकूर प्रचाराकडे झुकत होता असा संग्रहालयाचा खुलासा. राजकीय दबाव आल्याचे मात्र त्यांनी साफ नाकारले. सेनेटमध्ये त्यावर प्रश्नही विचारले गेले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या विज्ञान अकादमीने ही छायाचित्रे मूळ मजकुरासह मांडली.

आता माझ्यासारख्याची पंचाईत पाहा. संग्रहालयाने जे केले ते माझ्या सिद्धांताबरहुकूम केले! चित्रे राहू दिली. एकही चित्र काढले नाही. काढला तो फक्त टेकू. शुद्ध कलावादी टीकाकाराला तर हे प्रदर्शन आदर्शच वाटायला हवे होते: चित्र, त्याखाली नाव, ठिकाण, बस्स. मग ज्यांना ही चित्रे अडचणीची वाटत असतील त्यांना चित्रे चालली आणि दोन ओळी चालल्या नाहीत, हे कसे?

एका पक्ष्याच्या चित्राने हे मला समजले. बफ-ब्रेस्टेड सँडपायपर म्हणून एक पाणथळीचा पक्षी आहे. चिमणीहून मोठा, बदामी रंगाचा, कोठेही नजरेत न भरणारा. विणीच्या काळात नर एक पंख वर उचलतो आणि पंखाची आतली बाजू चांदीसारखी चमकते. बॅनर्जींनी तो नेमका क्षण पकडला आहे. साऱ्या पुस्तकात माझ्या मते हे सर्वांत चांगले चित्र; सभागृहात गाजलेले अस्वल त्यापुढे नुसते देखणे. पण मूळ मजकुरात लिहिले होते, की हा पक्षी दरवर्षी थेट अर्जेंटिनाहून येथे येतो आणि त्याच्या जातीचे भवितव्य धोक्यात आहे. प्रदर्शनात राहिले ते एवढेच: पक्ष्याचे नाव, आणि जागो नदीचा किनारी पट्टा. पंख तसाच उचललेला होता. चांदी तशीच चमकत होती. परंतु प्रेक्षकाचे त्या पक्ष्याशी काही देणेघेणे उरले नव्हते. तो सुंदर होता आणि सुंदर असण्यापलीकडे त्याच्या हातून काही होण्यासारखे नव्हते.

आमच्याकडे ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात चिमणीएवढे करडे पक्षी थव्याने चिखल टिपताना दिसतात. पक्षिमित्र त्यांना छोटा टिलवा म्हणतात. ते सैबेरियाच्या उत्तर टोकाला, ध्रुवाच्या अंगणात, विणीला जातात. मी वीस वर्षे लोकलच्या खिडकीतून ती खाडी पाहिली आहे. हे मला माहीत असते तर मी ती निराळी पाहिली असती, की नाही? मला वाटते, असती.

मराठी साहित्यात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद फडके आणि खांडेकर यांच्या नावाने एकेकाळी इतका रंगला की वाचकांना अजूनही त्याची आठवण येताच जांभई येईल. तो येथे उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. मी मनाने कायम फडक्यांच्या पंगतीतला. आजही, चांगल्या हेतूने लिहिलेली वाईट कविता ही वाईट कविताच, यात मी तडजोड करणार नाही. तेल काढण्याच्या विरोधात ज्या कलाकृती गेल्या काही वर्षांत पुढे आल्या त्यांतल्या दोन मी मुद्दाम मिळवून पाहिल्या, कारण एकाच पुस्तकावरून निष्कर्ष काढणे बरे नव्हे.

पहिली संगीताची. इटलीचे पियानोवादक लुडोव्हिको एनाउडी यांनी जून २०१६ मध्ये स्वालबार्डच्या एका हिमनदीसमोर, पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडी मंचावर भव्य पियानो मांडून ‘एलेजी फॉर द आर्क्टिक’ नावाची तीनेक मिनिटांची रचना वाजवली. ग्रीनपीस संस्थेने हे घडवून आणले. उत्तर समुद्राचा एक मोठा भाग तेलापासून आणि मोठ्या मासेमारीपासून राखावा म्हणून. लाखो लोकांनी ते पाहिले. मीही पाहिले, दोनदा. सूर गोड आहेत, करुण आहेत. वाजवणाऱ्याची तन्मयता खरी आहे. परंतु शोकगीत हे गेलेल्यासाठी असते. समोर जे अजून उभे आहे, ज्याच्यासाठी भांडायचे म्हणून तुम्ही तिथवर गेलात, त्याचे जिवंतपणीच श्राद्ध घालण्याची ही घाई मला समजत नाही. ऐकणाऱ्याला रडू येते, रडल्यामुळे हलके वाटते, आणि हलके वाटले की माणूस आपल्या कामाला लागतो. मागे हिमकड्याचा एक तुकडा ढासळून पाण्यात पडतो, तेवढाच भाग मला अंगावर काटा आणणारा वाटला. आणि तो काही एनाउडींनी रचलेला नव्हता. ज्या आंतरराष्ट्रीय बैठकीसाठी हे केले तिथे तो प्रस्ताव मंजूर झालाच नाही.

दुसरी कृती अधिक हुशार. लेगो या खेळण्याच्या ठोकळ्यांवर शेल या तेल कंपनीचे चिन्ह असे, आणि शेल तेव्हा अलास्काच्या समुद्रात तेलविहीर खोदण्याच्या खटपटीत होती. जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीसने त्याच ठोकळ्यांचे उत्तर ध्रुवावरचे एक चिमुकले जग उभारले: अस्वले, कोल्हे, मासेमारी करणारे, चेंडू खेळणारी मुले. मग त्यावर हळूहळू काळे तेल चढत जाते. एकही माणूस पळत नाही, कारण खेळण्यातली माणसे पळत नाहीत. ती हसत हसत बुडतात. दोन मिनिटांत आटोपणाऱ्या या चित्रफितीत एक क्रूर विनोद आहे आणि तो मला मनापासून दाद देण्यासारखा वाटला. ऑक्टोबरात लेगोने शेलशी असलेला करार पुढे चालवणार नाही असे जाहीर केले. पुढच्या वर्षी शेलने ती विहीरच सोडून दिली. सुमारे ७०० कोटी डॉलर घालवूनही हाती पुरेसे तेल लागले नव्हते, हे त्याचे मोठे कारण. सिअॅटलच्या बंदरात त्या वर्षी मे महिन्यात शेलच्या अजस्र तेलमंचाभोवती शेकडो लोक छोट्या होड्या घेऊन जमले होते. भाची किनाऱ्यावरून पाहत होती. तो मंच एवढा उंच, की त्याच्यापुढे होड्या पाण्यावर सांडलेल्या चुरमुऱ्यांसारख्या दिसत होत्या, असे तिने तेव्हा फोनवर सांगितल्याचे मला आठवते.

पण ठोकळ्यांच्या त्या जगात एक गोष्ट खटकते. त्यातली माणसे कोणीही असू शकतात. त्यांना नाव नाही, गाव नाही. आणि या सबंध भांडणात नाव आणि गाव असलेली माणसे आहेत.

पर्वताच्या दक्षिणेला ग्विचिन लोकांची गावे आहेत. अलास्कात आणि कॅनडात मिळून पंधराच्या आसपास. त्यांचे अन्न कॅरिबू, कपडे कॅरिबूचे, गाणी कॅरिबूची. १९८८ साली आर्क्टिक व्हिलेज नावाच्या त्यांच्या गावी सारी जमात कित्येक वर्षांनी एकत्र आली आणि विणीच्या भूमीत तेल काढू द्यायचे नाही असे सर्वांनी मिळून ठरवले. त्या पट्ट्याला त्यांच्या भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘जिथे जीवन सुरू होते ती पवित्र जागा’. दुष्काळातसुद्धा शिकारीसाठी त्या जागी पाऊल टाकायचे नाही, अशी त्यांची परंपरा ते सांगतात. म्हणजे एकाच भूमीची तीन नावे झाली. सेनेटरांचा कोरा फलक, कायद्याचे ‘टेन-ओ-टू’, आणि हे. ज्याला आपण मजकूर म्हणून हिणवतो तो या लोकांनी चित्र निघण्याच्या शेकडो वर्षे आधीच लिहून ठेवलेला होता!

आणि येथेच बॅनर्जींच्या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. काक्टोविक हे त्या पट्ट्यातले एकुलते एक गाव. इनुपियाट लोकांचे, व्हेलच्या शिकारीवर जगणारे. पुस्तकात ते गाव आहे, शिकारही आहे. परंतु त्या गावातल्या पुष्कळ लोकांना जमिनीवरचे तेल हवे आहे, ही गोष्ट चित्रांच्या एकूण सुरात ऐकू येत नाही. पश्चिमेकडच्या प्रूडो बेच्या तेलावरील करांतून त्या उत्तर भागात शाळा आल्या, दवाखाने आले, नळाचे पाणी आले. याच गावाला १९४७ नंतर लष्कराच्या सोयीसाठी तीनदा आपली जागा हलवावी लागली होती. अशा गावच्या माणसाला दूरच्या शहरातल्या कोणी ‘ही भूमी मानवाच्या स्पर्शापासून अलिप्त ठेवा’ असे सांगितले, तर त्याने प्रथम विचारावे ते हेच, की मग आम्ही कोण? उलट समुद्रातल्या तेलविहिरीला याच लोकांतून कडवा विरोध झाला, कारण तिथे त्यांचा व्हेल आहे. एकाच घरात दोन मते, आणि दोन्ही मते पोटाची. अथांग, निर्मनुष्य निसर्गाचे देखणे चित्र काढताना हा गुंता चौकटीबाहेर राहतो. कोऱ्या फलकावर माणूस नव्हता. सुंदर चित्रातही तो लहान दिसतो.

बॅनर्जींना हे जाणवले असावे. कारण २०१२ साली त्यांनी ‘आर्क्टिक व्हॉइसेस’ हा ग्रंथ संपादित केला, आणि त्यात कॅमेरा बराचसा बाजूला ठेवून माणसांना बोलू दिले आहे. त्यातल्या रोझमेरी अहतुआंगारुआक या न्यूइक्सट गावच्या आरोग्यसेविका, पुढे त्या गावच्या नगराध्यक्षही झाल्या. जवळच्या तेलक्षेत्रात वायूच्या ज्वाळा जोराने पेटत तेव्हा रात्री दम्याने घुसमटलेले रुग्ण वाढत, हे त्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. या मजकुराला चित्राची गरज नाही. मुलाला मांडीवर घेऊन बसलेली कोणतीही आई तो वाचील तर तिला तो दिसेल.

भांडणाचा आजवरचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस घेण्यासारखे फारसे नाही. २०१७ साली करविषयक कायद्यात घालून तो पट्टा तेलासाठी खुला केला गेला. मधल्या काळात ग्विचिन प्रतिनिधी मोठमोठ्या बँकांच्या दारी गेले, आणि २०१९ च्या अखेरीपासून एकामागून एक बँकेने तिथल्या खोदाईला पैसा देणार नाही असे जाहीर केले. जानेवारी २०२१ च्या पहिल्या लिलावाला एकही बडी तेल कंपनी आली नाही. बहुतेक पट्टे अलास्का राज्याच्याच एका महामंडळाने घेतले. २०२३ मध्ये ते करार रद्द झाले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने ते रद्द करणे बेकायदा ठरवले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात तर एकही बोली लागली नव्हती. तरीही त्याच वर्षी आणखी चार लिलावांचा कायदा झाला आणि ऑक्टोबरात सबंध किनारी पट्टा पुन्हा खुला झाल्याची घोषणा झाली.

पुस्तक सध्या आमच्या दिवाणखान्यात कपाटावर उभे आहे, मुखपृष्ठ बाहेर करून, दिवाळी अंकांच्या शेजारी. परवा भाचीचा फोन आला. लेख लिहिला का, म्हणून विचारीत होती. मी म्हटले, लिहितो आहे, पण माझा सिद्धांत मोडला. ती हसली. मग नातवाने फोन ओढून घेतला आणि तिला सांगू लागला, की आजोबांच्या पुस्तकात मुंग्या आहेत, पण त्या मुंग्या नाहीत, त्या आया आहेत, आणि त्या बाळाला घेऊन चालल्या आहेत. हे त्याला मी सांगितले नव्हते. सौ.ने सांगितले असावे.